खुर्दा

दिवाळीच्या सुट्टीत माझी नऊ वर्षांची भाची चार दिवस राहून गेली. ती गेल्यानंतरच्या मंगळवारी रात्री, डब्याच्या तळाशी उरलेला चिवडा वाटीत घेऊन मी लॅपटॉप उघडला आणि ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ या संगणकावरच्या लढाईच्या खेळातला अर्धवट राहिलेला डाव पुढे सुरू केला. डाव माझ्या नेहमीच्याच पद्धतीचा होता. मागे टेकडीच्या आडोशाला सेनापती, दुसऱ्या लेव्हलचे दोन जादूगार आणि तीन भालाईत. पुढे उघड्या मैदानात आठ-आठ नाण्यांना भरती केलेले शेतकरी, हातात दाताळी घेऊन ओळीने उभे. पडद्यावर संध्याकाळ सरून रात्रीचा पहिला प्रहर लागत होता आणि त्या निळसर अंधारात ऑर्क नावाच्या राक्षसांची टोळी पुढे सरकत होती. या खेळात रात्री ऑर्कांचे बळ पाव हिश्शाने वाढते आणि शेतकऱ्यांचे तेवढेच घटते. तेव्हा रात्रीपुरते शेतकरी पुढे ठेवायचे, जातील तेवढे जाऊ द्यायचे आणि उजाडले की थकलेल्या ऑर्कांवर मागच्या ताज्या फौजेनिशी तुटून पडायचे, हा हिशेब मी इतक्या वेळा केला आहे की त्यासाठी आता विचारही करावा लागत नाही. मी पाळी संपवली. तलवारींचे खणखणाट झाले, तीन किंकाळ्या आल्या, पटावरची तीन घरे रिकामी झाली. चौथ्या शेतकऱ्यात किती जीव उरला आहे ते पाहायला मी सहज त्याच्यावर कर्सर नेला, तर उजवीकडच्या चौकटीत नावाच्या जागी लिहिलेले होते: ‘व्हॅनवाले काका’.

वेसनॉथमध्ये भरती केलेल्या प्रत्येक माणसाला यंत्र आपले आपण एखादे परदेशी वळणाचे नाव देते, आणि ते न आवडल्यास उजवी टिचकी मारून बदलताही येते. इतकी वर्षे हा खेळ खेळूनही ती सोय मी एकदाही वापरलेली नव्हती. भाचीने ती शोधून काढली होती आणि माझ्या लॅपटॉपवरच्या मराठी कीबोर्डने, एकेक अक्षर हुडकत, सगळ्या शेतकऱ्यांची बारशी उरकली होती. मी ओळीने एकेकावर कर्सर फिरवत गेलो. वॉचमनकाका. कचऱ्याच्या ताई. माळीदादा. जादूगारांची आणि भालाइतांची नावे मात्र तिने होती तशीच ठेवली होती. मग माझ्या लक्षात आले की जे तिघे आत्ता गेले ते कोण होते हे मला ठाऊक नाही. खेळाची आकडेवारी दाखवणारी खिडकी उघडून पाहिली. तिथे गमावलेल्या सैनिकांच्या रकान्यात शेतकऱ्याचे चित्र होते आणि त्याच्यापुढे ३ हा आकडा. नावे तिथे नसतात.

मी डाव तसाच ठेवून लॅपटॉप मिटला.

स्वस्त आणि दुबळ्या सैनिकांच्या गर्दीचे वेड मला वसतिगृहात लागले. चौघांत मिळून जोडून घेतलेला एक संगणक होता, त्याच्यावर ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ होता, आणि तो एकाच खुर्चीवर आळीपाळीने बसून खेळता येत असे. एकाची पाळी चालू असताना बाकीच्यांनी पडद्याकडे पाहायचे नाही, असा दंडक होता. त्यामुळे तिघे जण व्हरांड्यात, वाळत घातलेल्या ओल्या टॉवेलांच्या कुबट वासात, कठड्याला टेकून उभे राहत आणि आतून येणाऱ्या घोड्याच्या टापांवरून चौथा कुठवर पोचला असेल याचा अंदाज बांधत. प्रत्येकाला ड्रॅगन हवा असे, नाहीतर निदान पंखवाला देवदूत. मला मात्र त्या खेळाच्या ‘आर्मगेडन्स ब्लेड’ या पुरवणीत आलेल्या पीझंट, म्हणजे शेतकरी, नावाच्या प्राण्याने भुरळ घातली. हल्ला १, बचाव १, नुकसान १, जीव १, किंमत १० नाणी. अख्ख्या खेळात याच्याहून क्षुद्र कोणी नाही. समोर आर्चएंजल हा वरच्या दर्जाचा देवदूत घ्या: हल्ला ३०, बचाव ३०, एका वारात ५० नुकसान, जीव २५०, आणि किंमत ५००० नाणी, शिवाय तीन रत्ने. रत्ने सोडून दिली तर एका आर्चएंजलच्या पैशांत बरोबर ५०० पीझंट येतात. ही दोन सैन्ये एकमेकांसमोर सोडली तर काय होईल, हा प्रश्न मला एका कंटाळवाण्या प्रॅक्टिकलच्या तासाला पडला आणि जर्नलच्या मागच्या पानावर मी ते गणित मांडले.

ते अजून पाठ आहे. हल्ल्याचा आकडा समोरच्याच्या बचावापेक्षा जितका जास्त, तितके दर अंकामागे ५ टक्के नुकसान वाढते. बचाव जास्त असेल तर दर अंकामागे अडीच टक्के घटते, पण ७० टक्क्यांच्या पुढे घट जात नाही. म्हणजे आर्चएंजलच्या एका वारात १२२ पीझंट मरतात, आणि पीझंट कितीही फालतू असले तरी त्यांच्या वारातले ३० टक्के नुकसान देवदूताला भोगावेच लागते. तो उडत येतो आणि पहिला वार करतो, उरतात ३७८. ते उलट मारतात, देवदूताचे ११३ जातात. मग त्यांची पाळी, आणखी ११३. देवदूताकडे उरले २४. तो उलटून आणखी १२२ कापतो, पुढच्या फेरीत पुन्हा १२२, आणि शेवटी जे १३४ जण रणात उभे राहतात, ते दाताळी उचलून एक शेवटचा धक्का देतात, त्यात ४० नुकसान होते, आणि पाच हजारांचा देवदूत पंख मिटून खाली पडतो. संध्याकाळी मी खोलीत येऊन हे सगळे मोठ्याने वाचून दाखवले आणि शेवटी ‘गाव करी ते राव ना करी’ असे ओरडलो, हे मला चांगले आठवते. ज्याच्याकडे आर्चएंजल होते त्याने शांतपणे विचारले, “पण ५०० आणणार कुठून?” त्या वेळी मला तो प्रश्न रडीचा वाटला होता.

तो प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. पीझंटांची झोपडी आठवड्याला २५ जण देते. ५०० गोळा व्हायला २० आठवडे. तेवढ्या आठवड्यांत समोरच्याच्या किल्ल्यातून एकाऐवजी किमान वीस देवदूत बाहेर पडलेले असतात. स्वस्ताई नाण्यांत होती, आठवड्यांत नव्हती, आणि त्या खेळात खरे चलन आठवडा हेच आहे. त्यातून सैन्य घेऊन फिरणाऱ्या सरदाराचा वेग त्याच्या सर्वांत मंद सैनिकावर ठरतो, त्यामुळे पीझंट बरोबर घेतले की बाकीचे सगळे त्यांच्या पावलांनी चालत. मी तरीही त्यांना घेऊन हिंडत असे आणि बहुतेक डाव हरत असे. जिंकलेले दोन-तीन डाव मात्र इतक्यांदा सांगून झाले आहेत की ऐकणाऱ्याला मी नेहमीच जिंकत होतो असे वाटावे.

चिल्लर हा आमचा शब्द. ‘चिल्लर पुढे कर’, ‘चिल्लर संपली का रे’, ‘चिल्लर देऊन टाक आणि पळ’. त्याच खेळात एक युक्ती आहे आणि ती जगभर सगळे पट्टीचे खेळाडू वापरतात. बहुतेक तुकड्या एका फेरीत एकदाच पलटवार करतात. म्हणून सरदाराच्या सात जागांपैकी तीन-चार जागांत ग्रेमलिनसारखा एकेकटा किरकोळ सैनिक किंवा एकेकटा पीझंट ठेवायचा, लढाई सुरू झाली की त्यातला एक आधी ड्रॅगनवर सोडायचा, ड्रॅगन त्याला उलट मारतो, तो अर्थातच मरतो, पण त्या फेरीपुरता ड्रॅगनचा पलटवार संपतो आणि मग आपली खरी फौज निर्धास्त हल्ला करते. दहा नाण्यांत ड्रॅगनचा दात काढल्यासारखे होते. मी ही युक्ती शेकडो वेळा केली आहे. त्या एकट्या आकृतीला मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार-पाच फेऱ्या चालत जावे लागते, कारण तिचा वेग कमी असतो, आणि ती वाट संपेपर्यंत मी खुर्चीत अधीर होऊन माउसवर बोट आपटत असे, हे आता लिहिताना आठवले.

आणि शत्रूच्या फौजेचा आकडा तो खेळ सहसा सांगतही नाही. तो शब्द सांगतो. पाचच्या आत ‘फ्यू’, पन्नासच्या वर ‘होर्ड’, शंभराच्या वर ‘थ्राँग’, अडीचशेच्या वर ‘स्वॉर्म’, आणि हजारावर गेले की ‘लीजन’. स्वॉर्म म्हणजे माश्यांचा किंवा टोळांचा थवा. अमुक संख्येच्या पुढे माणसे थवा होतात हे त्या खेळाने फार सहज शिकवले होते. आपल्याकडे त्यासाठी वेगळा शब्द शोधावा लागत नाही. पानिपतच्या त्या सावकारी पत्रात गळालेल्या मोत्यांची मोजदाद होती, हरवलेल्या मोहोरांचीही होती. रुपये-खुर्दा किती गेला त्याची मात्र गणती नव्हती. शाळेत ते वाक्य पाठ करताना आम्हाला मोत्यांचीच नावे विचारली जात, दोन गुणांसाठी. खुर्दा या शब्दाचा अर्थ मोड, सुट्टे पैसे, असा गुरुजींनी सांगितला आणि आम्ही तो समासात लिहून घेतला. आमच्या ‘चिल्लर’चे मूळ तिथे समासात पडलेले होते, हे मला परवा लॅपटॉप मिटल्यावर सुचले.

संख्येचे बळ खोटे नाही, हेही सांगितले पाहिजे. फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज अभियंत्याने, जो एरवी मोटारगाड्या बनवत असे, १९१६ साली छापलेल्या एका पुस्तकात त्याचे सूत्रच मांडले: सगळ्यांना एकाच वेळी मारा करता येत असेल तर फौजेचे बळ संख्येच्या वर्गाने वाढते, म्हणजे माणसे दुप्पट झाली तर बळ चौपट. हीरोजमध्ये हे अगदी लागू पडते, कारण तिथे ५०० जण एकाच घरात मावतात आणि एकदमच मारतात. वेसनॉथमध्ये हा मेळ जमत नाही. तिथे एका घरात एकच सैनिक, घराला बाजू सहा, त्यामुळे एका ऑर्कला जास्तीत जास्त सहा जण भिडू शकतात. सातवा मागे नुसता उभा राहतो. अर्थात भरमसाट गर्दीचा बंदोबस्त दुसऱ्या खेळांनीही आपापल्या परीने केला आहे. २००५च्या ‘सिव्हिलायझेशन ४’मध्ये एका घरात वाटेल तेवढे सैन्य रचता येई, म्हणून त्या ढिगातल्या अनेकांना एकदम जखमी करणारा कॅटापल्ट, म्हणजे दगड फेकणारे यंत्र, दिलेला होता, आणि लोक ते कॅटापल्टच मरण्यासाठी रांगेने पुढे पाठवत. २०१०च्या पाचव्या भागात एका घरात एकच लढाऊ तुकडी असा नियम आला आणि ढीग संपले.

वेसनॉथचा शेतकरी लेव्हल शून्यचा असतो, आणि या शून्यात बऱ्याच गोष्टी दडलेल्या आहेत. एक म्हणजे त्याला पोसायला काही लागत नाही. भालाईत लेव्हल एकचा, म्हणून त्याचा दर पाळीला एक नाणे खर्च धरला जातो, आणि तेवढी गावे आपल्या ताब्यात नसली तर तो खजिन्यातून जातो. दुसरे म्हणजे शून्यवाल्याचा धाक नसतो. भालाइताच्या शेजारच्या घरात शत्रू आला की त्याला तिथे थांबावेच लागते. शेतकऱ्याच्या शेजारून मात्र तो सरळ पुढे निघून जातो, जसा कोणी वॉचमनकडे न पाहता फाटकातून आत जातो तसा. यामुळे सात घरांची आघाडी अडवायला दोन-दोन घरांची फट ठेवून उभे केलेले तीन भालाईत पुरतात, ४२ नाणी. शेतकरी मात्र सातच्या सात घरांत उभे करावे लागतात, ५६ नाणी. स्वस्ताचा हिशेब मांडायला बसले की तो असा महाग निघतो, आणि हे मला ठाऊक नव्हते असे नाही. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. लेव्हल शून्यच्या सैनिकाशी लढल्याचा शत्रूला काहीच अनुभव मिळत नाही. त्याला ठार केले तर चार गुण मिळतात, भालाइताला मारल्याचे आठ. म्हणजे शत्रूच्या वाढीलाही तो फारसा उपयोगी नाही. मी याच गुणासाठी त्याला पुढे ठेवत आलो.

भाचीला मी तो खर्च म्हणजे पगार असे समजावून सांगितले होते. तिने लगेच विचारले होते की शेतकऱ्यांना पगार का नाही. ते शून्य लेव्हलचे आहेत म्हणून, असे सांगून मी पुढची खेळी दाखवायला लागलो होतो.

आमच्या घरी आजोबांचा एक जुना बुद्धिबळाचा संच होता, लाखेचे रंग दिलेला, आणि त्यातले लाल बाजूचे एक प्यादे हरवलेले होते. त्याच्या जागी आजोबा सुपारी ठेवत. सुपारी बुडाला थोडी घासून सपाट केलेली होती, तरी ती पटावर किंचित कलंडून बसे आणि कोणी पटाला धक्का दिला की घरंगळत शेजारच्या घरात जाई, मग ती नक्की कोणत्या घरात होती यावरून वाद होत. मी नेहमी लाल घेत असे. सात प्यादी मी बिनदिक्कत देऊन टाकायचो. सुपारी द्यायला मात्र जिवावर यायचे. तिच्यासाठी एकदा मी चक्क उंट घालवला होता. आजोबांच्या ते ध्यानात आले असावे, कारण ते मुद्दाम सुपारीवरच घोडा आणून रोखत आणि माझ्याकडे न पाहता अडकित्त्याने दुसरी, खाण्याची सुपारी कातरत बसत. एकदा ती सुपारी आठव्या घरात पोचली, वजीर झाली, आणि वजीर आधीच मेलेला असल्यामुळे त्याची लाकडी सोंगटी तिच्या जागी ठेवायची वेळ आली, तेव्हा मी ऐकेना. डाव संपेपर्यंत सुपारीच वजिराच्या चालीने चालत होती. प्याद्याचा फर्जी झाला की तो तिरका चालतो म्हणतात. ती तर सगळ्याच बाजूंनी कलंडत चालली होती. ती दिसायला वेगळी होती, एवढेच खरे तर. बाकीची सात तिच्याइतकीच प्यादी होती.

शनिवारी दुपारी मी पुन्हा लॅपटॉप उघडला. वेसनॉथ प्रत्येक पाळीची आपोआप नोंद ठेवते, त्यातली मंगळवारच्या आधीची पाळी काढली. इस्त्रीवाले, दूधवाले आणि लिफ्टवाले आजोबा: ते तिघे हे होते. खेळात मागे जाऊन मेलेल्याला जिवंत करणे हा कमीपणा, असे मी स्वतः अनेकांना ऐकवले आहे; त्या दिवशी तो कमीपणा केला. आणि मग जो डाव खेळलो तो, एक खेळाडू म्हणून सांगतो, अत्यंत भिकार होता. भालाईत पुढे आणले, शेतकरी मागच्या गावांत नेऊन बसवले. दुधाचे भांडे एकाला वाचवावे तर दुसरे उतू जावे तसे झाले. ऑर्कच्या तलवारीचे दोन वार रात्री अकरा-अकराचे बसतात, शेतकऱ्याचा जीव अठरा, म्हणजे दोन्ही वार लागले की खेळ खलास. मैदानात असा प्रत्येक वार लागण्याची शक्यता ६० टक्के, गावात ४०. हे आकडे मी पूर्वी शत्रूचे किती वार फुकट जातील ते मोजायला वापरायचो. आता मी कचऱ्याच्या ताईंसाठी घर शोधत होतो. त्या गडबडीत डाव्या टोकाचा जादूगार उघडा पडला आणि गेला. कित्येक मोहिमांतून वाढवत आणलेला, मागच्या डावातून २० नाणी मोजून परत बोलावलेला. मला वाईट वाटले, पण त्याचे नाव पाहायला मी चौकटीकडे पाहिले तेव्हा तो नाहीसा झाला होता. त्याचे यंत्राने दिलेले नाव काय होते ते मला आजही सांगता येणार नाही.

उजाडल्यावर वॉचमनकाकांनी, गावाच्या कडेला उभे राहून, एका जखमी ऑर्कला दाताळ्याने शेवटचा टोला हाणला. आधीच्या पाळ्यांत त्यांचा थोडा अनुभव साठलेला होता. त्यात हे आठ मिळाले आणि बढतीला लागणारे तेवीस भरले. पडद्यावर खिडकी उघडली: यांना भालाईत करायचे की तिरंदाज? मी खिडकी तशीच उघडी ठेवली आणि बहिणीला व्हिडिओ कॉल लावला.

भाची शाळेचा गृहपाठ सोडून धावत आली. तिला पडदा दाखवला. आधी तिने कोण कोण आहे ते मोजून घेतले, मग जादूगार एकच कसा हे विचारले आणि उत्तराची वाट पाहिली नाही. “तू फक्त शेतकऱ्यांनाच का गं नावं दिलीस?” मी विचारले. “अरे मामा, ते इतके सारे होते ना, सगळे सारखेच दिसत होते,” ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “आणि काकांचं खरं नाव मला माहीत नाही ना, म्हणून वॉचमनकाका लिहिलं. तुला माहीत आहे?” त्यांच्या सोसायटीच्या वॉचमनचे नाव मला कसे माहीत असणार, असे मी म्हणालो, आणि खिडकीतून खाली दिसणाऱ्या आमच्या सोसायटीच्या केबिनकडे पाहिले.

“बरं, भाला की धनुष्य?”

तिने बराच विचार केला. “भाला. म्हणजे कुणी असंच आत नाही जाऊ शकणार.” मी टिचकी मारली. पांढरा उजेड झाला, दाताळे गेले, ढाल-भाला आला, जीव पुरता भरला. चौकटीत नाव तेच राहिले.

“मग आता काकांना पगार सुरू होणार ना?” तिने विचारले.

मी वरच्या पट्टीकडे पाहिले. खर्चाच्या आकड्यात पाचाचे सहा झाले होते.